गुरुवारची छाट

निपाणीच्या बिडी सेंटरवरचा चेकर शुक्रवारी सकाळी तानीबाईच्या गल्लीतल्या बायका दिसल्या की कपाळाला हात लावायचा. इतर दिवशी त्यांचा माल असा, की बोट ठेवायला जागा नसायची. शुक्रवारी मात्र ढिल्या, वाकड्या, तोंड न मिटलेल्या बिड्यांचा ढीगच निघायचा. या बाद केलेल्या बिड्यांना सगळे छाट म्हणत. बिडी छाटीत गेली की पान वाया, तंबाखू वाया आणि मेहनतही वाया.

कारण सगळ्या सेंटरला ठाऊक होतं. गुरुवारी संध्याकाळी टीव्हीवर ‘सातजणांचं बिऱ्हाड’ लागायचं. बुद्धविहाराशेजारच्या समाजमंदिरात मांडीवर सूप घेऊन बायका बसायच्या. हात बिड्या वळायचे आणि डोळे पडद्यावर. त्यातला तिरसट मामा घसरून पडला की सगळी सुपं हलायची.

टीव्ही पंच्याऐंशी साली आला. छतावर अँटेनाचा खांब होता आणि त्यावर ऑइलपेंटच्या दोन खुणा. एका खुणेवर खांब फिरवला की कोल्हापूरकडून मुंबईचं मराठी दिसायचं. दुसऱ्या खुणेवर बेळगाव, म्हणजे कन्नड आणि हिंदी. समाजमंदिर एरवी पुरुषांचंच. पण तानीबाईनं भर बैठकीत उभं राहून मागणी केली होती आणि ठराव करून घेतला होता : ही मालिका चालेल तोवर गुरुवारची संध्याकाळ बायकांची. नवरा गेल्यावर दोन लेकी बिड्या वळून वाढवलेल्या त्या बाईशी वाद घालायला कुणी उठलं नव्हतं.

पण मालिकेला पाचवं वर्ष लागलं आणि तिच्यातला जीव गेला. मामा बदलला. मिशी तीच, चष्मा तोच, माणूस दुसरा. तेच पडणं, तेच ओरडणं. बायका घरीच बसू लागल्या. एका गुरुवारी तर तानीबाई आणि पारूबाई दोघीच होत्या. दुसऱ्या दिवशी चेकर म्हणाला, “आज छाटच न्हाय. सुधारला व्हय?”

तानीबाईला ते शब्द लागले.

त्याच आठवड्यात तरुण मंडळाचा मायाप्पा दारात आला. “काकू, टीव्हीतली माणसं हसत्यात, तुम्ही न्हाय. बेळगावावर त्याच वेळंला हिंदी गाणी लागत्यात. खांब फिरवू काय?”

“मालिका संपली काय रं?”

“न्हाय, पण बघतंय कोण?”

“पुढच्या गुरुवारी ये. दहा सुपं दिसली न्हाईत तर फिरव.”

तानीबाई दारोदार हिंडली. सुलाबाईनं तोंड वाकडं केलं. “त्या नव्या मामाला बघाय येऊ व्हय गं, आक्का?”

“बघाय नको. शिव्या घालाय ये.”

“मग येतो!”

गुरुवारी सोळा सुपं आली. मामा पायरीवर आला, तशी सुलाबाई ओरडली, “आता पडणार बघा! पड रं बाबा, पोटासाठी पड!” तो पडला. पारूबाई म्हणाली, “जुना मामा पडला की दुखायचं. ह्यो गादी बघून पडतोय.” हसून हसून एकीच्या सुपातला तंबाखू सांडला. दाराशी उभा असलेला मायाप्पा सुपं मोजून परत गेला.

शुक्रवारी चेकरनं मूठभर बिड्या बाजूला टाकल्या. “झालं परत सुरू?”

“झालं,” तानीबाई म्हणाली. छाट बघून खूश झालेली बाई त्यानं पहिल्यांदाच पाहिली असावी.

पुढं पाच-सहा महिने असेच गेले. मग एक दिवस पडद्यावर पाटी आली : शेवटचा भाग. बिऱ्हाडातल्या सगळ्यांनी हात जोडले आणि मालिका संपली.

पुढच्या गुरुवारी मायाप्पा मंडळाची पोरं आणि पाना घेऊन समाजमंदिरात हजर. “काकू, ठरल्यापरमाणं...”

“चढ की. मी कुठं न्हाय म्हणतोय?”

तो छतावर गेला. बोल्ट सैल करून त्यानं खांब बेळगावच्या खुणेवर आणला. “आलं काय?” वरून तीनदा विचारलं, खालून उत्तर येईना. तो उतरून आला. गाणं अगदी स्वच्छ लागलं होतं, पडद्यावर एक मुंगी नव्हती. पण टीव्हीसमोर मंडळाची पोरं नव्हतीच; ती भिंतीला टेकून पोट धरून हसत होती. सोळा बायका टीव्हीकडं पाठ करून गोल बसल्या होत्या. मधे सुलाबाई, ओठावर बिडीच्या पानाची मिशी चिकटवून, पायरी नसताना पायरीवरून पडत होती.

मायाप्पानं घसा खाकरला. “काकू, मालिका संपलीय.”

“त्यांची संपली,” तानीबाई हातातली बिडी मिटत म्हणाली. “तेवढा गाण्याचा आवाज बारीक कर, बाबा. मागच्यांना ऐकू येईना झालंय.”

मायाप्पानं पाना खिशात घातला, बटण फिरवलं आणि पोरांशेजारी भिंतीला टेकला.

शुक्रवारी सगळ्यांत जास्त छाट सुलाबाईची निघाली. मिशीचं पानसुद्धा तिनं तसंच वळून टाकलं होतं.