मजलेकर आणि माझा जळफळाट

मी एका माणसावर अठ्ठावीस वर्षं जळलो. आता तो लांब मुलाकडे राहतो, मी इथे नातवंडांत रमलोय, तरी त्याची आठवण निघाली की छातीत बारीकशी धग लागतेच. बरं, त्याच्याकडे होतं तरी काय? एक लाकडी स्टूल, पितळी हँडल आणि खाकी कपड्यांचे दोन जोड. आमच्या नऊ मजली इमारतीची लिफ्ट तो चालवायचा. खरं आडनाव कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला मजलेकर म्हणत, पोस्टमनसुद्धा.

मी तळमजल्यावर चौकशीच्या टेबलाशी. शिक्षण गावच्या शाळेत सातवीपर्यंत. आमचे मास्तर चार वर्ग एकटे सांभाळायचे. दुसऱ्या वर्गाकडे वळले की मला म्हणायचे, "तू यांना काहीतरी सांगत बस, मी आलोच." तासाभराने परत यायचे तेव्हा माझ्या गोष्टीतला माणूस अजून घरातून निघालेला नसायचा. तीच सवय घेऊन मी शहरात आलो. कुणी विचारलं, "वकीलसाहेब कितव्या मजल्यावर?" की "सहाव्या" एवढं सांगून भागलं असतं. पण मग टेबलामागे माणूस कशाला, पाटीच लावायची की. मी वकीलसाहेबांच्या वडिलांपासून सुरुवात करायचो. लिफ्ट जुनी, जाळीच्या दाराची, खाली यायला फार वेळ लावायची. रांगेतली दहा-पंधरा माणसं म्हणजे माझी हक्काची सभा. हलतील कुठे?

मग आधीचा लिफ्टवाला निवृत्त झाला आणि हा आला. पहिली काही वर्षं मूग गिळून बसला होता, माझं बरं चाललं होतं. पुढे कधी कुणास ठाऊक, बोलायला लागला.

त्याची गोष्ट मजल्यांच्या मापाची असायची. चौथ्यावर उतरणाऱ्याला चार मजल्यांची, नवव्यावर जाणाऱ्याला नऊ मजल्यांची. शेवटचा शब्द पडायचा आणि जाळी सरकायची. माणूस हसतच बाहेर. पाचव्यावर टायपिंगचा क्लास होता, तिथले सर तर शेवट ऐकायला नवव्यापर्यंत जायचे आणि चार मजले जिन्याने उतरायचे. माझी सभा फुटली. लिफ्टची घंटा वाजली की मी वाक्याच्या मधोमध, आणि समोर कुणी नाही.

त्याच्याकडे मालही तसाच यायचा, हे कबूल करायला हवं. चौथ्यावर एका पक्षाचं कार्यालय, सातव्यावर सिनेमावाल्यांचं. विरोधी पक्षाचे पुढारी दात दाखवायला पाचव्यावरच्या डॉक्टरकडे यायचे. भर सभेत एकमेकांचे दात घशात घालू म्हणणाऱ्या दोघांची लिफ्टमध्ये गाठ पडली की, "अक्कलदाढ काढलीत का हो?" "काढली, तुम्हीही काढून टाका, फार हलकं वाटतं." मजलेकर म्हणायचा, तळमजला ते चौथा यांच्यामध्ये राजकारण नाही, चौथ्यावर दार उघडलं की सुरू होतं. आता दिवसभर टीव्हीवर तीच भांडणं बघून माझा जावई लालबुंद होतो. मी त्याला म्हणतो, बाबा रे, हे सगळे एकाच लिफ्टने वर गेलेत.

पण मजलेकरचा एक नियम होता, पक्का. ज्याची गोष्ट, तो माणूस इमारतीत यायचा बंद झाल्याशिवाय ती तोंडातून निघायची नाही. अक्कलदाढेचीही त्याने दोघे पुढारी थकून घरी बसल्यावर सांगितली. मला तर ऐकलेलं पोटात ठेवलं की जेवण जात नाही. त्याच्या बोलण्यापेक्षाही या गप्प बसण्यावर मी जास्त जळायचो.

आणि कळस म्हणजे आमची ही. दुपारी एकला माझा डबा घेऊन यायची. एकदा एक वाजला, सव्वा झाला, डब्याचा पत्ता नाही. दीडला लिफ्टची जाळी सरकली आणि आतून ही बाहेर आली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी.

"काय झालं?" मी घाबरून विचारलं.

"काही नाही हो. भाऊजींनी नवव्यापर्यंत नेऊन आणलं."

"भाऊजी? हा तुझा भाऊजी कधी झाला?"

"पाचव्या मजल्याच्या आसपास," म्हणाली, आणि पुन्हा हसायला लागली.

लग्नाला बावीस वर्षं झाली होती. माझ्या गोष्टीला ही एकदाही अशी हसली नव्हती. मी तसं बोलून दाखवलं तर म्हणते, "तुमच्या गोष्टीला चटई अंथरून बसावं लागतं. त्यांची उभ्याउभ्या होते." मी त्या दिवशी गार डबा तसाच खाल्ला आणि तिच्याशी बोललो नाही. तिला ते संध्याकाळपर्यंत कळलंही नाही.

अशातच चौथ्या मजल्यावर भडका उडाला. तिथले साहेब पक्ष बदलणार होते. आता पक्ष बदलणं म्हणजे सदरा बदलण्याइतकं सोपं झालंय, तेव्हा जरा लपूनछपून करायची पद्धत होती. तर ती बातमी दोन दिवस आधीच वर्तमानपत्रात छापून आली. साहेब चिडले. ही गोष्ट आपण सेक्रेटरीशी फक्त लिफ्टमध्ये बोललो होतो, एवढंच त्यांना आठवत होतं. इमारतीचे मालक त्यांच्या शब्दाबाहेर नव्हते. मजलेकरला घालवायचा आणि बटणांची लिफ्ट बसवायची, असं जवळजवळ ठरलं. तेव्हा तो पंचावन्नचा, मुलगी लग्नाची, मुलगा कॉलेजात.

घालवण्याआधी साहेबांनी मला वर बोलावलं. मी जिन्याने गेलो.

"या चौकशीवाले, बसा. तुम्ही जुने माणूस. खरं सांगा, हा लिफ्टवाला म्हणे भारी गोष्टी सांगतो? लोक ऐकायला मुद्दाम वर-खाली करतात?"

इतक्या वर्षांची धग एकदम घशाशी आली. साहेबांच्या तोंडूनसुद्धा त्याचंच कौतुक! माझी नीयत त्या क्षणी काय होती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याला वाचवावं हेही मनात होतं, पण जीभ चालवली ती जळफळाटानेच.

"कोण, तो?" मी म्हणालो. "साहेब, त्याला गोष्ट सांगता येते? अहो, सुरू केली की संपली. ना आगा ना पिछा. लोक हसतात ते त्याच्या तोंडाकडे बघून. दोन माणसांचं बोलणं ऐकून तिसऱ्याला जसंच्या तसं सांगायचं तर डोकं लागतं. त्याला सकाळी काय खाल्लं ते दुपारी आठवत नाही."

"नक्की?"

"त्याच्या हातून एक बातमी सरळ वर्तमानपत्रापर्यंत पोचली, तर मी माझं टेबल सोडतो."

साहेब हसले. आठ दिवसांत खरा प्रकार कळलाच, त्यांच्या मेहुण्यानेच तोंड उघडलं होतं. मजलेकर स्टुलावर राहिला. मी मनात म्हटलं, चला, पुण्यही झालं आणि जीवही थंड झाला.

पण चौथ्या मजल्यावरच्या शिपायाने माझा शब्द न् शब्द खाली पोचवला. मी साहेबांकडे जाऊन आलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, मेहुण्याचं अजून बाहेर आलं नव्हतं तेव्हा, मजलेकर टेबलाशी आला. "दादा, जरा आत या."

आभार मानायला नेत असेल, म्हणून मी ऐटीत गेलो. त्याने जाळी ओढली, हँडल फिरवलं आणि तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये लिफ्ट थांबवली. समोर नुसती भिंत.

"मला गोष्ट सांगता येत नाही?"

"अरे, तुझी नोकरी वाचवली मी!"

"नोकरीचं नंतर बघू. आधी ऐका."

आणि उभ्याउभ्या त्याने सांगायला सुरुवात केली. सातव्यावर एक हीरो यायचा. पडद्यावर वीस जणांना लोळवणारा, पोस्टरवर छाती काढून उभा. लिफ्टमध्ये शिरला की डोळे मिटायचा आणि मजलेकरची बाही घट्ट धरायचा. प्रत्येक मजल्याला विचारायचा, "आला का सातवा?" एकदा वीज गेली, लिफ्ट अडकली. हीरो घामाघूम. म्हणाला, "काहीही बोल, पण बोलत राहा." मजलेकरला तोवर बोलायची सवयच नव्हती. मग आपल्या बायकोने दुधावर मांजर कसं राखणीला बसवलं ते त्याने सांगितलं. हीरो हसला, बाही सुटली. त्या दिवसापासून सहा वर्षं, तो येईल तेव्हा सात मजल्यांची गोष्ट. सातवा यायच्या आत संपवावीच लागायची, नाहीतर हीरो उतरायलाच तयार नसायचा. शेवटी शेवटी तो डोळे उघडे ठेवून यायला लागला. मग त्याचे सिनेमे चालेनासे झाले, यायचा थांबला.

"तेव्हा शिकलो मी, दादा. आणि तुम्ही म्हणता, ना आगा ना पिछा. चला चौथ्यावर. साहेबांना सांगा, याला गोष्ट सांगता येते."

"वेडा आहेस का? मग पुन्हा संशय घेतील. पोरीचं लग्न आहे घरात."

"असू दे."

तो खरंच हँडलला हात घालून उभा होता. वरून कुणीतरी घंटेवर घंटा मारत होतं. इतकी चांगली गोष्ट याने सहा वर्षं पोटात ठेवली, मला मिळाली असती तर दुसऱ्या दिवशी शहरभर झाली असती, आणि तीही वाईट सांगितलेली. हे कळलं आणि जास्तच जळलो.

"साहेबांना नको. तुला सांगतो," मी म्हणालो. "तुझ्यासारखी गोष्ट मला सांगता येत नाही."

"घंटेत ऐकू आलं नाही."

मी पुन्हा म्हणालो. मोठ्याने. त्याने हँडल फिरवलं आणि लिफ्ट चौथा मागे टाकून वर गेली.

तिसऱ्यांदा म्हणायला लावलं असतं, तर मी स्वतःच उतरून, याला गोष्ट सांगता येते, हे साहेबांना सांगायला गेलो असतो.