सांगून जायचं

आमच्या गावात फानेसीमाईंना ओळखत नाही असं पोर नाही, कारण निम्म्या पोरांची नाकं त्यांनीच पुसलेली. तरुणपणी त्या सरोवराकाठी सुकी मासळी विकायच्या. नवरा कामासाठी जोनीला, म्हणजे जोहान्सबर्गला गेला आणि तिकडे त्यानं दुसरं घर मांडलं. माई फार बोलल्या नाहीत. "माणूस गेला तर गेला, त्याच्या नावानं रोज चूल कशाला विझवायची?" एवढंच.

आया शेतावर गेल्या की लहान पोरं दिवसभर धुळीत उपाशी बसून राहायची. माईंनी त्यांना चर्चच्या ओसरीत गोळा केलं. तीच आमची बालवाडी. कुणी मक्याचं पीठ आणून द्यायचं, कुणी शेंगदाणे. मी पेज शिजवायची, माई गाणी शिकवायच्या. पगार दोघींनाही नव्हता.

पुढे परदेशातून मुलं-मुली यायला लागली, काही महिने बालवाडीत काम करायला. स्कॉटलंडची कर्स्टी आली तेव्हा पाणवठ्यावर बायकांनी मला विचारलं, "एस्नाती, ही गोरी पोरगी फुकट राबणार म्हणे?"

"फुकटच."

"मग आपल्या फानेसीसारखीच की! फक्त हिला यायला विमान लागतं."

कर्स्टीला पहिल्या दिवशी चुलीचा धूर सोसेना, पीठ ढवळता येईना. पेजेत गुठळ्याच गुठळ्या. माई म्हणाल्या, "राहू दे, आज पोरं पेज पिणार नाहीत, चावतील." ती स्वतःच खो खो हसली, तेव्हाच मला आवडली.

एम्तिसुंगे नावाची एक मुलगी होती. आजीजवळ राहायची, आई शहरात. कर्स्टीच्या आधी बालवाडीत कामाला आलेला एक परदेशी मुलगा तिचा फार लाडका होता. पोरं दुपारची झोपलेली असताना तो निघून गेला. पोरं रडतात, ते बघवत नाही, म्हणून सगळे तसेच जायचे. आम्हालाही त्यात काही वावगं वाटायचं नाही. एम्तिसुंगे जागी झाली आणि त्याला शोधत राहिली. चुलीमागे, आंब्यामागे, संडासाच्या दारातसुद्धा. त्यानंतर ती दुपारची झोपेचना. सगळी पोरं चटईवर आडवी व्हायची आणि ही भिंतीला टेकून टक्क डोळे उघडे ठेवून बसायची.

कर्स्टी तिच्याशेजारी बसायला लागली. बोलायची नाही, नुसती बसायची. हळूहळू पोरीचं डोकं तिच्या मांडीवर टेकलं, आणि एका दुपारी कर्स्टीच्या झग्याची किनार मुठीत धरून ती झोपली. माईंनी मला खुणेनं दाखवलं. आम्ही दोघी पातेली न वाजवता घासत बसलो.

कर्स्टीची जायची वेळ आली तशी ती चुलीपाशी येऊन म्हणाली, "माई, उद्या पोरं झोपली की मी जाईन. मला त्यांना रडताना बघवणार नाही."

"नाही," माई म्हणाल्या.

"पण माई, सगळे तसेच—"

"सगळे चुकले. मीही चुकले, जाऊ दिलं." माईंनी हातातला डाव खाली ठेवला. "माझा बाप खाणीवर गेला तेव्हा मी एम्तिसुंगेएवढी होते. मला झोपेत ठेवून गेला. आई म्हणाली, तू रडली असतीस म्हणून. अगं, रडले असते तर रडले असते! पण मग वर्षानुवर्षं वाटेवर बसून राहिले नसते. बापाला कधी यायचंच नव्हतं, पण मला कुणी सांगितलं नव्हतं."

ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते.

दुसऱ्या दिवशी पेज पिऊन झाल्यावर ती पोरांसमोर बसली आणि आमच्या चिचेवा भाषेत, मोडकंतोडकं म्हणाली, "आज मी माझ्या घरी जाते." लगेच रडारड सुरू झाली. एम्तिसुंगे रडली नाही. तिनं मूठभर वाळू उचलून कर्स्टीवर फेकली. मी रागावणार, तेवढ्यात माईंनी माझा हात धरला. "फेकू दे."

वाळू फेकून झाल्यावर तिनं विचारलं, "परत कधी येशील?"

कर्स्टीनं माईंकडे पाहिलं. माई म्हणाल्या, "खोटं सांगू नकोस."

"ठाऊक नाही गं," कर्स्टी म्हणाली. "कदाचित येणार नाही."

तेव्हा पोरीनं असा टाहो फोडला की मासे वाळत घालणाऱ्या बायका धावत आल्या. कर्स्टी उठली नाही, तिला घट्ट धरून बसली. दोघींची नाकं गळत होती, आणि माई कमरेला गुंडाळलेल्या कापडाच्या, चितेंजेच्या टोकानं एकदा हिचं पुसत होत्या, एकदा तिचं. मग सगळी वरात रस्त्यापर्यंत गेली. गाडी सुटली तेव्हा एम्तिसुंगे माईंच्या कडेवर होती आणि दोन्ही हात हलवत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली, वाटी चाटूनपुसून पेज प्याली आणि तिनं पोरांना फर्मावलं, "मी कर्स्टी. मी विमानानं चालले. तुम्ही रडा." पोरं इमानदारीत रडली. "बास आता," ती म्हणाली आणि तिनं दुसऱ्या एका पोरीला कर्स्टी केलं. दिवसभर पोरं आळीपाळीनं गावाला जात होती आणि सगळ्यांचा निरोप घेत होती. दुपारी सगळी थकून चटईवर पडली, तीही पडली. झोप लागली तेव्हा तिच्या मुठीत कुणाच्याच झग्याची किनार नव्हती.

त्यानंतर आलेल्या प्रत्येकाला माई पहिल्याच दिवशी बजावतात, "इथून जाताना सांगून जायचं." कर्स्टी परत आली नाही, पण सणावाराला तिचा फोन येतो. एम्तिसुंगे आता मोठ्या शाळेत जाते. सकाळी आमच्या ओसरीवरून जाताना ओरडते, "माई, जाते हं!"

"हळू जा गं," माई आतूनच म्हणतात, कारण हातात कुणातरी पोराचं नाक असतं.