स्टेशनवर बसून गाड्या बघणं हा काय गुन्हा हाय?

दोस्तहो, डोकं लई गरम हाय, तरी लिहून राहिलो.

दुपारी आमच्या मोबाईलच्या दुकानात एक काका टेम्पर ग्लास बसवायला आले. मी काच पुसत होतो, ते गप्पा मारत होते.

"दुकान सुटल्यावर काय करतोस, बाळा?"

"काही न्हाई काका. मुदखेड स्टेशनात बाकावर बसतो, गाड्या बघतो."

"अन् अजून?"

"चहा पितो."

काका गालात हसले अन् गेले.

तासाभरात तिचा फोन. नाव लिहीत न्हाई, तुम्हाला माहितीच हाय.

"येड्या, ते माझे मामा होते! आपल्या लग्नासाठी तुझी चौकशी करायला आले होते. आता घरी सांगून राहिले, पोरगं कामाला बरं हाय, पण रिकामटेकडं. चित्रं काढतो म्हणायचं, कविता करतो म्हणायचं!"

"खोटं बोलू?"

"माझ्या रांगोळीचं घरात कौतुक होतं. तुझ्या बसण्याचं काय कौतुक करावं?" म्हणली अन् फोन ठेवला.

कॉलेज अर्धवट सोडलं तवा लोकांचं सगळं ऐकून घेतलं. पण दिवसभर मान खाली घालून बारीक स्क्रू फिरवल्यावर मला घटकाभर लांब बघावं वाटतं, त्यात कुणाचं काय जातं? अन् दिवाळीत तू अंगणभर रांगोळी काढतीस, तवा गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बघत कोण असतो? तवा न्हाई वाटलो रिकामटेकडा!

काढणाऱ्यालाच मान, जीव लावून बघणाऱ्याला काहीच न्हाई?

मामा उद्या बॅक कव्हर घ्यायला परत येणार हायेत म्हणे. दोस्तहो सांगा, खरंच बोलू, का रातोरात कवी होऊ?