जर्मन सुरांची पेटी

संतपूरच्या तुळजारामला गावात कोणी वाईट म्हणत नसे. दारूला शिवत नव्हता, पत्त्यांच्या डावात बसत नव्हता, सोयाबीन वेळेवर पेरायचा आणि भजनात पेटी वाजवायचा. खोड एकच होती. सवालात तो खाली बसत नसे.

सवाल म्हणजे बिरोबाच्या जत्रेतला लिलाव. शेवटच्या दिवशी पालखीवरचा नारळ, देवाचा फेटा, घोंगडी अशा वस्तू देवळापुढं बोलीवर चढतात. ज्याला हवी त्यानं उभं राहून आकडा बोलायचा, झेपेना झाला की खाली बसायचं. उभा राहील त्याची वस्तू. आकडा फारच चढला की एखादा म्हातारा उठतो आणि दोघांपैकी एकाच्या खांद्यावर हात ठेवतो. त्या हातानं बसलेल्याला कोणी हसत नाही, तशी रीतच आहे. तुळजाराम मात्र तो हात झटकून टाकायचा. एका वर्षी त्यानं बकऱ्याच्या किमतीत नारळ घेतला आणि घरी फोडला तर आत नासका. त्याला त्याचं काहीच वाटलं नाही. समोर शिवशंकरप्पा खाली बसलेला त्यानं डोळे भरून पाहिला होता, आणि नारळ त्यासाठीच तर घेतला होता.

हा शिवशंकरप्पा आडत दुकानदार, दुसऱ्या भजनी मंडळाचा म्होरक्या. त्याच्याकडं जुनी जर्मन सुरांची, म्हणजे जर्मनीत बनलेल्या सूरपट्ट्यांची, पेटी होती. ती वाजली की तुळजारामच्या मंडळातले लोकसुद्धा तिकडच्या ओट्यावर जाऊन बसत. वीस वर्षं तुळजाराम हे गिळत आला होता. तशी पेटी आता बनत नाही, आणि ज्याच्याकडं आहे तो विकत नाही, असं जो तो सांगायचा. अशा सांगण्यानंच वस्तूची हाव दुप्पट होते.

दोन हजार दहा साली त्याची थोरली प्रतीक्षा बारावी झाली आणि बीदरला नर्सिंगला तिचा नंबर लागला. फीची कोणाला काळजी नव्हती. धनगराच्या घरात पोरगी जन्मली की तिच्या नावानं एक मेंढी सोडतात. त्या मेंढीची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळी त्या पोरीची. प्रतीक्षाच्या मेंढीला तिची आईकडची आजी चंद्रभागाबाई हिनं सतरा वर्षं जिवापाड जपलं होतं. तो सगळा जथा त्या उन्हाळ्यात विकला आणि आलेले चाळीस हजार तुळजारामच्या खात्यावर ठेवले. पोरीच्या नावाचं खातं काढायला कोणाला सुचलं नाही.

फीचा फॉर्म काढायला बापलेक औरादला पप्पूच्या सायबर कॅफेत गेले. पप्पू बोलघेवडा. बोलता बोलता म्हणाला, "आता जगातली कुठलीबी वस्तू हितं बसून घेता येती, अप्पा. लिलावबी हितंच." तुळजारामनं सहज विचारलं, "जर्मन सुरांची पेटी?" पप्पूनं शोधली, आणि पडद्यावर पेटी आली. काळी शिसवी, पितळी कड्या, तीन ओळी सूर. बोली आठ हजारांवर होती आणि संध्याकाळी पाचला संपणार होती.

"आठच?" तुळजाराम खुर्चीतून उठून उभा राहिला.

त्याला इंग्रजी आकडे टाकता येईनात, म्हणून कीबोर्डवर प्रतीक्षा बसली. खातं पप्पूचं. पैसे लगेच बँकेतून काढून द्यायचे आणि वर पप्पूला त्याचा वाटा, असं ठरलं. पहिल्या आकड्याला पोरगीसुद्धा हसत होती. दहा हजार टाकले, पेटी आपल्या नावावर दिसली. एवढ्यानंच तुळजारामच्या मनात ती ओट्यावर येऊन बसली, उघडली आणि वाजायलाही लागली. पाच मिनिटांनी कोणीतरी अकरा टाकले. तेव्हा ती कोणी विकायला काढलेली पेटी राहिली नव्हती, कोणीतरी त्याची पेटी पळवत होता.

"कोण हाय त्यो?"

"नाव दाखवत न्हाई अप्पा," पप्पू म्हणाला.

"नाव लपवतो म्हणजे शिवशंकरप्पाच."

"अप्पा, ह्यो माणूस कुठलाबी आसंल. कलकत्त्याचा, दिल्लीचा."

"दिल्लीवाल्याला पेटी कामून लागायली? टाक बारा."

वीस हजारांना पप्पूच म्हणाला, "अप्पा, पंचविसात नवी चांगली मिळती." तुळजारामनं त्याच्याकडं असं पाहिलं की तो चहा सांगायला बाहेर निघून गेला. पंचवीस झाले, तीस झाले. पलीकडचा हटेना, आणि तो हटत नाही म्हणजे पेटी तेवढी भारी असणारच, हा हिशोब तुळजारामला अगदी चोख वाटला. पलीकडचाही त्याच्याबद्दल तोच हिशोब करत असेल, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. जत्रेत निदान समोरच्याचा घाम दिसतो. इथं पडद्याला घाम नव्हता आणि मध्ये पडायला म्हातारा नव्हता.

पस्तीसला प्रतीक्षा उठली आणि तिनं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. तिला रीत माहीत होती. "बसा अप्पा. ह्ये माझे पैसे हायत."

तुळजारामनं हात झटकला. "तुला पुढच्या साली घालतो. बस तू. टाक."

तिनं टाकले. स्वतःच्या बोटांनी, एकेक करून, चाळीसपर्यंत. पाच वाजले. पलीकडून काही आलं नाही. "हाणला!" तुळजाराम एवढ्यानं ओरडला की रस्त्यावरचे लोक आत डोकावले. पोरगी फीचा कोरा फॉर्म पिशवीत घालत होती. त्यानं तिकडं पाहिलंसुद्धा नाही.

आजी चंद्रभागाबाई त्या दिवसापासून जावयाशी बोलली नाही. आईनं, सुभद्राबाईनं, भांडून पाहिलं, रडून पाहिलं. प्रवेशाची तारीख निघून गेली. पेटी आली. तुळजारामनं मुद्दाम देवळाच्या ओट्यावर भजन ठेवलं आणि शिवशंकरप्पाला खास बोलावणं धाडलं. हरलेला माणूस समोर बसलेला पाहायचा होता.

बरेच महिने शिवशंकरप्पा घराबाहेर पडला नव्हता, आणि तुळजारामपुढं त्याचं नाव कोणी काढत नसे. तो आला तो नातवाच्या खांद्याला धरून, पाय ओढत. उजवा हात लुळा लोंबत होता. तुळजारामनं विचारलं, "का मालक, कुठवर चढला व्हतात त्या दिवशी?"

"कशाला चढू?"

"ह्या पेटीला. औरादला, कंप्युटरवर."

म्हातारा गोंधळून बघत राहिला. मग सावकाश म्हणाला, "मला वारा मारून सा महिने झाले, तुळजाराम. बोटं मेली. माझी पेटी घेऊन जा म्हणून दोनदा निरोप धाडला तुला. फुकट. गावात दुसरं वाजवणारं कोण हाय? तू आलाच न्हाईस."

निरोप आला होता. दोन्ही वेळा तुळजारामनं तो थट्टा समजून परतवून लावला होता. भजनी मंडळी मान खाली घालून टाळ हातात फिरवू लागली. तुळजारामची बोटं पट्ट्यांवरच थिजली.

बायकांच्या घोळक्यातून प्रतीक्षा बोलली, आवाज न चढवता. "वाजवा की अप्पा. थांबला कामून? पैसे माझे गेल्यात. ऐकू तर द्या."

तुळजारामनं भाता ओढला. सूर खरंच फार चांगला होता.