फ्लेक्सवरचे एकाहत्तर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय — हसायचं तर हसा.

एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा निकाल लागला आणि भवानी पेठेत — पुण्यातल्या नव्हे, आमच्या गावातल्या — माझा फ्लेक्स लागला. बाबांनीच लावला हो! फेट्यातला फोटो, खाली ‘७१ टक्के — हार्दिक अभिनंदन’. आता ते एकाहत्तर पर्सेंटाईल होते, टक्के नव्हेत. म्हणजे शंभरातली एकोणतीस पोरं माझ्या पुढं. चांगलं कॉलेज विसराच. पण पेढे वाटून झालेले — कुठल्या तोंडानं सांगणार?

शेजारी नरसय्याकाकांचं चादरी-टॉवेलचं दुकान. त्यांची लावण्याही त्याच परीक्षेला बसलेली. पेपर इतका अवघड की तिला मार्क निम्म्याहून कमी — पण पर्सेंटाईल अठ्ठ्याण्णव! ती बापाला जीव तोडून समजावत होती, आणि काका माझ्या फ्लेक्सकडं बोट दाखवत होते. शेवटी त्यांनी मलाच बोलावलं. “तू सांग रे, ही म्हणती ते खरं हाय का? नसंल तर पुण्याला न्हाय पाठवत, गल्ल्यावर बसू दे.”

काय सांगितलं असेल मी?

“मार्क ते मार्क, काका.” एवढंच. लावण्या माझ्याकडं बघत राहिली.

पण ती गप्प बसणारी होय! दुसऱ्या दिवशी तिनं दुकानात शंभर नॅपकिनची थप्पी लावली, भारीतला भारी सगळ्यात वर. वरून दुसऱ्यावर हात ठेवला. “ही मी. मार्क किती ते सोडा, माझ्या खाली किती राहिले ते मोजा की!”

काकांनी मोजले. आणि असे ओरडले — “अगागागा!” — की सगळी पेठ गोळा झाली. हलगी आली, गुलाल उधळला, माझ्या दुप्पट मोठा फ्लेक्स लागला. काय जिंकली पोरगी! मीही नाचलो — अगदी मनापासून नाचलो, खोटं नाही.

सगळे पांगल्यावर काकांनी माझ्या फ्लेक्सवरचे एकाहत्तर पुन्हा वाचले — एवढ्या अवघड पेपरात एवढे मार्क? — आणि परत थप्पीपाशी गेले. वरून एकेक नॅपकिन उचलत माझी जागा शोधायला लागले. मध्येच थांबले, माझ्याकडं पाहिलं, आणि उचललेले नॅपकिन परत जागेवर ठेवले. कुणाला काही बोलले नाहीत. अजूनही नाहीत.

बाबा आजही पाहुण्यांना ‘एकाहत्तर टक्के’ सांगतात.

लावण्या खरं बोलत होती, हे मला काकांनी विचारलं तेव्हाच माहीत होतं. पक्कं माहीत होतं.