हातोड्याचा सूर्य

आमच्या घरी संशय हा पगारी धंदा होता. बाबा जंगलखात्याचे नाकेदार. चांद्याहून जंगलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आडवा बांबू, बाजूला आमचं कौलारू घर, आणि बांबूपाशी हातात लोखंडी सळई घेऊन उभे बाबा. तणसाची बंडी, म्हणजे भाताच्या पेंढ्याची बैलगाडी, आली की ते तणसात सळई खुपसायचे, आत चोरीचा सागवान टणकन लागतो का ते बघायचे. वरातीची बंडी असली तरी सुटका नव्हती. एकदा त्यांनी नवरीला खाली उतरवून तिची गादी तपासली होती, आणि त्याचं त्यांना कधी काही वाटलं नाही.

मीही त्यांचीच लेक. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील, मी अकरा वर्षांची होते. आदल्या संक्रांतीला मी वरोऱ्याच्या मावशीला हातानं केलेलं तिळगुळाचं कार्ड पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, "कार्ड छान आहे, आईनं केलं वाटतं." ते वाक्य मला वर्षभर टोचत राहिलं. आईनंच तर तिला तसं कळवलं नसेल, असाही मला संशय होता. यंदा आईनं केलं असं कोणाला म्हणताच येऊ नये, असं काहीतरी करायचं मी ठरवलं.

चिंचेची कोवळी डहाळी मी पुस्तकात दाबून सपाट केली होती. ती जाड कागदावर ठेवायची आणि हलू नये म्हणून तिच्यावर चार बारीक खडे ठेवायचे. वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीचा तुकडा निळीत बुडवून घट्ट पिळायचा आणि डहाळीच्या कडेकडेनं टिपत जायचं. घासायचं नाही, नुसतं टिपायचं. मग डहाळी अलगद उचलली की भोवती निळं आभाळ आणि मध्ये पांढरीशुभ्र पानं. तो क्षण मला फार आवडायचा, अजूनही आवडतो. एवढं जमलं. वर सूर्य हवा होता, तो काही जमेना. बटाट्यावर कोरला, कुंकवात डिंकाचं पाणी घालून छापला, पण बटाटा पाणी सोडायचा आणि सूर्याच्या कडा पसरायच्या. चार बटाटे वाया गेल्यावर आईनं टोपली उचलून आत नेली.

तेव्हा मला बाबांचा हातोडा आठवला. तपासलेल्या ओंडक्याच्या तोंडावर तो हाणला की गोल खूण उमटायची. कडेला दाते, मध्ये आकडा. खूण असली की लाकूड पास, नसली की चोरीचं. तो हातोडा पेटीत कुलपात असायचा आणि पेटीची किल्ली खुंटीवरच्या कोटाच्या खिशात. दुनियेवर संशय घेणाऱ्या माणसानं घरात ती उघडी लटकत ठेवली होती.

त्याच दिवशी सकाळी बांगडीवाले चाचा येऊन गेले होते. चांद्याचे मुसलमान, म्हातारे, लाखेच्या बांगड्या स्वतः वळायचे. संक्रांतीच्या आधी नाक्यापलीकडच्या गावांत त्यांचा मोठा धंदा व्हायचा. आमच्या ओसरीवर शेगडी मांडून त्यांनी लाल लाख शेकली, आईच्या हातात बांगड्या भरल्या आणि माझ्या हाताचं माप घेतलं. "उद्या घेऊन येतो बेटा," म्हणाले.

दुपारी बाबा जेवून आडवे झाले. मी किल्ली काढली, हातोडा मांडीत तोंड वर करून धरला, घोसाळ्यानं त्याच्या तोंडावर कुंकू टिपलं, वर कार्ड पालथं घातलं आणि चमच्याच्या पाठीनं घासलं. पहिली दोन बिघडली, ती चुलीत घातली. तिसऱ्यावर असा लखलखीत सूर्य उगवला की मी एकटीच हसले. हातोडा परकरानं पुसला, जागच्या जागी ठेवला. कार्ड तासाभरात चांद्याच्या मोटारीनं टपालात गेलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाबांनी पेटी उघडली आणि तिथेच बसून राहिले. हातोड्याच्या खाचांत लाल रंग सुकून बसला होता. त्यांनी बाभळीच्या काट्यानं तो उकरला, वास घेतला.

"लाख हाये," ते आईला म्हणाले. "कोणीतरी लाखेत छाप घेतला. आता याच्यावरून खोटा हातोडा बनते अन् सारं जंगल माह्या नावावर पास होऊन जाते. काल ओसरीवर लाख घेऊन कोण बसलं होतं?"

"तो म्हातारा? तो काऊन असं करीन?"

"काऊन नाई करणार?"

मी एक वाक्य बोलले असते तर तिथेच सगळं मिटलं असतं. माझी जीभ उचललीच नाही. बाबा मारतील ही भीती होतीच. पण त्याहून लाजेची गोष्ट सांगते. क्षणभर मलासुद्धा वाटलं, चाचांनी खरंच तर काही केलं नसेल? कुंकू माझ्या नखांत होतं, आणि मी संशय घेत होते चाचांवर!

चाचा आले ते हसत, डोक्यावर धंद्याची पेटी आणि हातात माझ्या बांगड्या घेऊन. बाबांनी त्यांना बांबूपाशीच अडवलं.

"पेटी खोल."

लाखेच्या कांड्या, साचे, बांगड्या, सगळं धुळीत मांडलं गेलं. आपल्यावर कसला आळ आहे हे कळल्यावर चाचांचा चेहरा पांढरा पडला. "मले ठाऊक नाई साहेब. लेकराच्या बांगड्या तं देऊ द्या," म्हणत त्यांनी माझा हात हातात घेतला. आणि ते थांबले. नखांच्या कडेला कुंकू लागलेलं होतं. रंगातच जन्म गेलेला माणूस तो. त्यांनी नखांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि हात सोडला. बांगड्या कुर्त्याच्या खिशात टाकल्या.

"पेटी इथीच राहीन," बाबा म्हणाले. "रेंजरसाहेब पाहतीन. तोवर नाक्याच्या पलीकडे जायचं नाई."

"संक्रांत चार दिवसांवर आली साहेब."

"मंग?"

चाचा रिकाम्या हातांनी चांद्याच्या वाटेला लागले. त्यांची पेटी होळीपर्यंत आमच्या माळ्यावर पडून होती. तिच्यात काहीच सापडलं नाही. एक माणूस येऊन ती घेऊन गेला, चाचा स्वतः आले नाहीत. मी मनाशी एकच घोकत राहिले, चाचांनी मला वाचवलं, त्यांचा माझ्यावर जीव आहे. तेवढ्यावर मला झोप लागायची.

उन्हाळ्यात आम्ही वरोऱ्याला गेलो. मावशीनं माझं कार्ड आरशाच्या चौकटीत खोचून ठेवलं होतं. बाबा आरशात बघून भांग पाडत होते. त्यांचा कंगवा थांबला. त्यांनी पुढे वाकून सूर्याच्या मधला आकडा वाचला.

"यंदाचं पोरीनंच केलं, मान्य," मावशी मागून म्हणाली. "असला सूर्य आईला नाही जमायचा."

बाबांनी कार्ड काढून खिशात घातलं. मला मारलं नाही. परतताना ते चांद्यालाच उतरले आणि आम्हाला त्यांनी पुढच्या मोटारीत बसवून दिलं. दुसऱ्या दिवशी घरी आले ते कागदात बांधलेल्या चार लाल बांगड्या घेऊन.

"त्यानं देल्या. तुह्याच मापाच्या हायेत. तुही नखं पाहून त्याले तवाच समजलं होतं म्हणे."

मी रडत रडत विचारलं, "चाचांनी मले वाचवलं ना, बाबा?"

"मी बी तेच म्हटलं त्याले. पोरीसाठी गप राह्यला, मोठे उपकार झाले. तं तो म्हणे, उपकार कायचे साहेब? मी तुमच्या पोरीचं नाव घेतलं असतं, तं तुमी मले तिथीच जोड्यानं मारलं असतं."

"मारलं असतं?"

"हो," बाबा म्हणाले.

बांगड्या अगदी बरोबर मापाच्या निघाल्या. आईनं त्या माझ्या हातात भरल्या तेव्हा बाबा समोर बसून माझ्या नखांकडे बघत होते.