सुनेला उलट बोलायला लावलं

माझी सून परभणीत दवाखान्यात नर्स आहे. तिला परदेशात नोकरी मिळत होती, पण आधी इंग्रजीच्या परीक्षेत चांगले मार्क हवे होते. त्यासाठी तिनं आमच्या ताडकळसच्या घरात जागोजाग शब्दांच्या चिठ्ठ्या चिकटवल्या. वर इंग्रजी, खाली मराठीत अर्थ. मी चौथी शिकलेली, त्यामुळं खालचं वाचता यायचं. तुरीच्या डाळीच्या डब्यावर ‘पर्यावरणाचा ऱ्हास’, मिठाच्या बरणीवर ‘लोकसंख्यावाढ’. बरणीवर मीठच का लिहिलं नाही, असं विचारलं, तर म्हणाली, परीक्षेत मीठ येत नाही.

हैदराबादला जाऊन परीक्षा दिली. वाचण्या-लिहिण्यात निभावलं, बोलण्यात मार्क कमी पडले. निकाल कळला त्या दिवशी ती भांडी घासत बसली.

“काय इचारलं व्हतं तिथं?” मी म्हणाले.

“समोर एक वयस्कर बाई होत्या, आत्या. गावात राहणं बरं का शहरात, असं विचारलं. मी म्हणाले, गावात.”

“मग?”

“त्या म्हणाल्या, शहरात सोयी जास्त असतात ना? मी म्हणाले, हो.”

“आन् घरभर चिकटवलेले शब्द?”

“त्या मोठ्या होत्या. मोठ्या माणसापुढं किती बोलायचं?”

मला हसू आलं. लग्न होऊन आल्यापासून ही माझ्यापुढं ‘होय आत्या’ एवढंच बोलत आली. तेच तोंड घेऊन ती त्या बाईपुढं बसली होती.

“उद्यापासून मी काय बी म्हणले की उलट बोलायचं. इंग्रजीत.”

“असं कसं, आत्या?”

“मला कुठं कळायलंय? बोल बिनधास्त.”

सकाळी मी म्हणाले, चहात साखर कमी हाय. तिनं इंग्रजीत एकच शब्द टाकला.

“हे हो झालं का न्हाई?”

“नाही म्हणतेय, आत्या.”

“मग का न्हाई, ते बी सांग. मी भांडायलेय तुझ्यासंगं.”

भांडताना तिच्या ध्यानात आलं की ऱ्हासाला शब्द आहे, पण दूध उतू गेलं तर काय म्हणायचं ते येत नाही. भाकरी करपली, वरण आळलं, सासू कुरकुर करायली, यातलं काहीच येत नव्हतं. मग भांडण मध्येच थांबवून ती मोबाइलमध्ये शब्द बघायची आणि पुन्हा सुरू व्हायची. जुन्या चिठ्ठ्या गेल्या. शेगडीजवळ ‘उतू जाणं’ आलं, तव्याच्या फळीवर ‘करपणं’. ‘कुरकुर करणं’ माझ्या बाजेच्या पायाला.

“ही इथं कशाला गं?”

“शब्द लागतो तिथंच लावलाय, आत्या.”

महिनाभरात तिचा आवाज अंगणाबाहेर जाऊ लागला. शेजारीण भिंतीवरून डोकावली. “काय हो, सून लय तोंड करायली तुमाला?”

“करायली. मीच लावलंय,” मी म्हणाले. तिला ते पटलं नाही. गावभर मात्र सांगून आली.

कधी कधी सुनेचे हातवारे बघून वाटायचं, हे परीक्षेपुरतं नाही, पोटात साठलेलं निघायलंय. मी अर्थ विचारला नाही. तिच्या पातळ वरणाबद्दल मलाही मोकळं बोलून घेता आलं.

ती पुन्हा परीक्षेला गेली. पुढं एका दुपारी ड्युटीवरून आली ती हसतच. बोलण्यातही पुरेसे मार्क पडले होते.

“ह्या वेळी काय इचारलं?”

“ओळखीच्या म्हाताऱ्या माणसाबद्दल दोन मिनिटं बोला म्हणाले.”

“माझ्यावर बोललीस?”

“होय.”

“चांगलं का वाईट?”

“दोन्ही. नुसतं चांगलं दोन मिनिटं पुरलं नसतं, आत्या.”

मी म्हणाले, बरं केलंस. मग तिनं चहा टाकला. मी घोट घेऊन म्हणाले, साखर कमी हाय.

परीक्षा झाली होती, आता घरात इंग्रजीची गरज नव्हती. ती माझ्याकडं बघत मराठीत म्हणाली, “शुगर वाढलीय तुमची. आहे तेवढीच मिळंल.”